रिपोर्टमधला पांढरा ठिपका

पत्राचा सारांश

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाहून एकतीस वर्षांच्या भगिनीने हे पत्र पाठवले आहे. लग्नाला चार वर्षे झाली असून मागील वर्षी दुसऱ्या महिन्यातच एकदा गर्भपात झाला होता. आता विसावा आठवडा चालू आहे. गेल्या आठवड्यात अ‍ॅनॉमली स्कॅन (बाळाचे सर्व अवयव तपासणारी सोनोग्राफी) झाला. रिपोर्टमध्ये बाकी सर्व व्यवस्थित असल्याचे लिहून शेवटी दोन ओळी जोडल्या आहेत: बाळाच्या हृदयाच्या डाव्या कप्प्यात एक चमकदार ठिपका दिसतो, आणि डाव्या मूत्रपिंडाचा मधला भाग ४.६ मिलिमीटर, म्हणजे किंचित फुगलेला आहे. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी तोंडी काहीच सांगितले नाही. नेहमीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून, ‘घाबरू नका, पण एकदा पुण्याला फीटल मेडिसिनच्या, म्हणजे पोटातल्या बाळाच्या, तज्ज्ञांना दाखवून या आणि बाळाच्या हृदयाची इको (खास हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या’, असे सांगितले.

घरात तीन मते आहेत. सासूबाई म्हणतात, आधीच चार सोनोग्राफी झाल्या, आणखी किरण पोटावर घेऊ नकोस, बाळाला त्रास होईल. यजमान म्हणतात, पुण्यातल्या थ्रीडी-फोरडी मशीनवर सगळे स्पष्ट दिसेल आणि एकदाचा जीव भांड्यात पडेल. नणंदेच्या मुलीच्या हृदयात भोक असल्याचे ती आठ महिन्यांची असताना कळले, गरोदरपणातल्या तिच्या सर्व सोनोग्राफी मात्र ‘नॉर्मल’ होत्या, म्हणून नणंदबाईंचा या तपासण्यांवर विश्वासच उरलेला नाही. पत्रलेखिकेने दोन रात्री मोबाइलवर वाचण्यात घालवल्या. त्या लिहितात, “वाचता वाचता डाऊन सिंड्रोम हा शब्द आला आणि त्यानंतर झोप लागलेली नाही. हे पाहिलेच नसते तर बरे झाले असते, असे वाटते. पुण्याला जाऊ की नको?”

उत्तर

तुमचे पत्र आणि सोबत पाठवलेले रिपोर्टचे फोटो मी सावकाश वाचले. पहिल्यांदा उत्तर सांगते, म्हणजे पुढचे तुम्हाला शांतपणे वाचता येईल: पुण्याला जा, याच आठवड्यात वेळ घेऊन जा, पण ‘बाळात काहीतरी बिघाड निघाला आहे’ असे गृहीत धरून जाऊ नका. मी तपासणी प्रत्यक्ष केलेली नाही, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांच्या जागी मी बसू शकत नाही; मात्र या दोन ओळींचा अर्थ काय आणि त्यात काय नाही, हे समजावून सांगणे माझे काम आहे, आणि खरे तर ते सोनोग्राफीच्या खोलीतच व्हायला हवे होते.

तो ठिपका नेमका काय असतो, ते आधी पाहू. विसाव्या आठवड्यात बाळाचे हृदय साधारण बोराएवढे असते आणि मिनिटाला १२० ते १६० वेळा धडधडत असते. पडद्यावर त्याचा आडवा छेद घेतला, की चार कप्पे दिसतात: वर दोन, खाली दोन, मध्ये पडदा, आणि उघडझाप करणाऱ्या झडपा. झडपांना धरून ठेवणाऱ्या तंतूंच्या मुळाशी छोटे स्नायू असतात. त्यातल्या एखाद्या स्नायूत कॅल्शियमचा सूक्ष्म कण साठला, तर तो हाडाइतका पांढरा चमकतो आणि हृदयाच्या ठोक्याबरोबर वर-खाली हलताना दिसतो. काळ्या पाटीवर राजगिऱ्याचा एक दाणा ठेवावा, तसे ते चित्र असते. हा ठिपका म्हणजे भोक नव्हे, अडथळा नव्हे आणि हृदयविकारही नव्हे. त्यामुळे रक्ताचा प्रवाह बदलत नाही. शंभरातील तीन ते पाच गर्भांत तो दिसतो आणि आशियाई वंशाच्या स्त्रियांच्या बाळांमध्ये तो इतरांपेक्षा अधिक आढळतो, म्हणजे आपल्याकडे तो मुळीच दुर्मीळ नाही.

मग डाऊन सिंड्रोमचा शब्द कुठून आला? ज्या बाळांच्या पेशींत एकविसावे गुणसूत्र जास्तीचे असते (यालाच डाऊन सिंड्रोम म्हणतात), त्यांच्यात हा ठिपका, मूत्रपिंडाचा किंचित फुगवटा, मानेमागची जाड त्वचा, नाकाचे छोटे किंवा न दिसणारे हाड अशा काही खुणा तुलनेने अधिक वेळा दिसतात, असे अभ्यासकांच्या लक्षात आले. म्हणून त्यांना ‘सॉफ्ट मार्कर’ म्हणू लागले. येथे एक गफलत होते आणि तुमच्या दोन रात्रींची झोप त्याच गफलतीने घालवली. डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांत ही खूण अधिक दिसते याचा अर्थ ही खूण असलेल्या बाळांना डाऊन सिंड्रोम असतो, असा होत नाही. कोल्हापुरात पैलवान अधिक दिसतात म्हणून कोल्हापूरचा प्रत्येक माणूस पैलवान ठरत नाही. हा ठिपका असलेली जवळजवळ सर्वच बाळे निरोगी जन्मतात.

तुमच्या फाइलमध्ये एक कागद आहे, ज्याचा उल्लेख तुम्ही पत्रात केलेला नाही आणि बहुधा तो तुम्हाला कोणी समजावूनही सांगितला नसावा. बाराव्या आठवड्यात तुमचा एनटी स्कॅन आणि डबल मार्कर रक्ततपासणी झाली होती. त्या रिपोर्टच्या खालच्या कोपऱ्यात १:३८०० असा आकडा आहे. तुमचे वय, बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी आणि रक्तातील दोन घटक एकत्र धरून काढलेली ती शक्यता आहे. तिचा अर्थ असा, की अगदी तुमच्यासारखेच रिपोर्ट असलेल्या ३८०० गर्भवती एकत्र केल्या, तर त्यांच्यापैकी एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल आणि ३७९९ जणींच्या बाळांना नसेल. सामान्यतः १:२५० किंवा त्याहून जास्त शक्यता निघाली, तर ‘जोखीम अधिक’ असे धरून पुढच्या तपासण्या सुचवतात. तुम्ही त्या रेषेपासून फार दूर आहात. नुसता एक ठिपका असता आणि बाकी सविस्तर तपासणी निर्दोष असती, तर या आकड्यात फारसा फरक पडला नसता आणि मी तुम्हाला पुण्याचा प्रवाससुद्धा सांगितला नसता. तुमच्या बाबतीत खुणा दोन आहेत, म्हणून इतर सर्व खुणा नाहीत ना, हे अधिक अनुभवी डोळ्यांनी एकदा नीट पाहून घ्यावे, एवढाच तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याचा अर्थ आहे. तो सल्ला मला योग्य वाटतो.

मूत्रपिंडाचे सांगायचे, तर बाळ पोटात गर्भजल गिळते आणि लघवीही करते. गरोदरपणाच्या उत्तरार्धात गर्भजलाचा मोठा भाग म्हणजे बाळाची लघवीच असते. मूत्रपिंडातून लघवी जेथे गोळा होते ती पिशवी या आठवड्यांत चार मिलिमीटरच्या आत असावी, अशी अपेक्षा असते. तुमच्या बाळाची ती अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त भरली. चार ते सात मिलिमीटर हा सौम्य गट समजला जातो, आणि त्यातील बहुसंख्य बाळांत तो फुगवटा पुढे आपोआप उतरतो. त्यावर आज कोणतेही औषध नाही आणि लागतही नाही. फक्त बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा एकदा माप घ्यायचे असते, ते विसरू नका.

आता सासूबाईंच्या मताकडे वळते, कारण घरात त्यांचा शब्द मोडून जाणे तुम्हाला जड जात आहे, हे पत्रातून जाणवते. सोनोग्राफीत किरण नसतात. क्ष-किरणांशी तिचा काहीही संबंध नाही. आपल्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचाच आवाज ऐकू येतो. सोनोग्राफीचा प्रोब (पोटावर फिरवायचे उपकरण) वीस लाखांहून अधिक कंपनांचा आवाज पोटात सोडतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून संगणक चित्र रेखाटतो. धातूतील तडे शोधण्यासाठी कारखान्यांत जे तंत्र वापरले जात होते, तेच ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी सहकाऱ्यांसह माणसाच्या पोटावर वापरून पाहिले आणि १९५८ साली लॅन्सेट या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतरच्या इतक्या दशकांत, योग्य कारणासाठी आणि प्रशिक्षित हातांनी केलेल्या सोनोग्राफीमुळे बाळाला इजा होते, असे सिद्ध झालेले नाही. या ध्वनिलहरींनी ऊती थोड्या तापू शकतात, हे मात्र खरे आहे. म्हणून यंत्राच्या पडद्यावर त्याचे निर्देशांक सतत दिसत असतात, डॉक्टर शक्य तितकी कमी शक्ती आणि शक्य तितका कमी वेळ वापरतात, आणि पहिल्या तीन महिन्यांत डॉप्लर (रक्तप्रवाह पाहण्याची पद्धत) गरजेशिवाय लावत नाहीत.

म्हणजे सासूबाईंचे कारण चुकले, पण कारणाशिवाय तपासणी करू नये, हे त्यांचे मूळ म्हणणे अगदी बरोबर आहे. त्यांना हे असेच सांगा. ‘आई, तुम्ही म्हणता तसे उगीच करायचे नाही, पण या वेळी कारण आहे’, असे म्हणून त्यांना बरोबर घेऊन जाता आले तर पाहा. मला वाटते, सासूबाईंच्या मनात किरणांपेक्षा वेगळी भीती असावी. मागच्या वर्षीचा गर्भपात त्यांनीही पाहिला आहे. तपासणीत काही निघाले तर डॉक्टर ‘काढून टाका’ म्हणतील, ही धास्ती अनेक घरांत असते आणि ती उघड बोलून दाखवायला जीभ रेटत नाही. त्यावर थोड्या वेळाने बोलते.

यजमानांचा भरवसा थ्रीडी-फोरडीवर आहे. त्यांना दुखवायचे नाही, पण हा भरवसा चुकीच्या जागी आहे. थ्रीडीमध्ये अनेक सपाट छेद एकावर एक रचून संगणक बाळाचा चेहरा, हात, पाठ यांचे उठावदार चित्र तयार करतो. फोरडी म्हणजे तेच चित्र हलताना. दुभंगलेला ओठ, पाठीचा कणा, हातापायांची ठेवण यांबाबत शंका आली असेल, तर ते उपयोगी पडते आणि आईवडिलांना समजावून सांगायलाही सोपे जाते. हृदयाचे त्रिमितीय चित्र साठवून नंतर उलटसुलट फिरवून पाहण्याची सोयही नव्या यंत्रांत आहे. तरीही निदानाचा पाया आजही तो जुना काळा-पांढरा सपाट छेदच आहे. बाळाने चेहऱ्यासमोर हात धरला, समोर गर्भजल कमी असले किंवा नाळ आडवी आली, तर थ्रीडीचे चित्र फसवते. निरोगी ओठावर फट दिसते आणि घरचे हादरून जातात. नुसत्या आठवणीचा फोटो म्हणून असे स्कॅन करू नयेत, असा सल्ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही दिलेला आहे. म्हणून पुण्यात वेळ घेताना मशीन कोणते, हे विचारण्यापेक्षा तपासणी कोण करणार, त्यांचे फीटल मेडिसिनमधील प्रशिक्षण काय, हृदयाची इको तेच करणार की बालहृदयरोगतज्ज्ञ, आणि झाल्यावर बसून बोलायला वेळ मिळेल का, हे विचारा.

त्या खोलीत काय घडेल, तेही सांगून ठेवते, म्हणजे प्रत्येक मिनिटाला तुमच्या मनात पाल चुकचुकणार नाही. ही तपासणी नेहमीसारखी दहा मिनिटांत उरकत नाही, अर्धा-पाऊण तास सहज जातो. गार जेल लावून डॉक्टर बराच वेळ काहीही न बोलता पडद्याकडे पाहत राहतील. ही शांतता वाईट बातमीची नसते, त्या वेळी ते मोजत असतात. चार कप्पे पाहून झाले, की हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या एकमेकींना ओलांडून जातात ना, हे पाहिले जाते, कारण त्या ओलांडणीतच काही गंभीर दोष लपलेले असतात. मग रंगीत डॉप्लर लावतात: पडद्यावर लाल आणि निळे दिसेल. तो रक्ताचा चांगला-वाईटपणा नसून प्रवाह प्रोबच्या दिशेने येतो की दूर जातो, एवढेच ते रंग सांगतात. बाळ पालथे असेल, तर तुम्हाला उठवून फिरून यायला सांगतील, कधी कुशीवर वळवतील, कधी आणखी एका दिवशी बोलावतील. असे झाले तर मनात काही आणू नका.

नणंदबाईंचा अनुभव खरा आहे, आणि तो बाजूला सारून मी तुम्हाला तपासणीचे गोडवे गाणार नाही. जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी साधारण आठ बाळांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो आणि ते सर्व पोटात असताना दिसत नाहीत. त्यामागे एक कारण असे आहे, जे समजले की राग बराच निवळतो. पोटातले बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही, म्हणून निसर्गाने त्याच्या हृदयात दोन वाटा मुद्दाम उघड्या ठेवलेल्या असतात: एक वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यात आणि दुसरी दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी. जन्मानंतर त्या मिटतात. एखाद्या बाळाच्या त्या मिटणार नाहीत, हे आधी कोणतेही यंत्र सांगू शकत नाही, कारण त्या वेळी त्या उघड्या असणे हेच नॉर्मल असते. खालच्या कप्प्यांमधील पडद्याचे बारीक छिद्रही इतके लहान असू शकते, की ते निसटते. नणंदेच्या मुलीचे भोक यातलेच असेल, तर तिच्या सोनोग्राफीत कोणाचीही चूक झाली असेलच असे नाही. मात्र ही गोष्ट पुण्याच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि तिचा इकोचा कागद मिळाला तर बरोबर न्या.

यातूनच तुमच्या पत्रातील सर्वांत खोल गृहीतकापाशी मी येते. यजमान म्हणतात, एकदा मोठ्या मशीनवर पाहिले की शंका संपेल. नणंदबाई म्हणतात, शंका संपत नसेल तर पाहायचे कशाला? दोघेही तपासणीकडून हमीच मागत आहेत. सोनोग्राफी शरीराची घडण दाखवते. ऐकू येईल का, दिसेल का, बुद्धीची वाढ कशी होईल, स्वमग्नता असेल का, चयापचयाचा एखादा आजार आहे का, यांतील काहीही ती सांगत नाही. तज्ज्ञ उद्या ‘सर्व ठीक आहे’ म्हणाले, तर त्याचा अर्थ ‘आज या आठवड्यात जे दिसू शकते ते सर्व ठीक दिसले’ असा घ्या. हे वाक्य कमी सुखाचे आहे, पण ते खरे आहे आणि त्यावर उभे राहता येते.

आणि तुमचे स्वतःचे वाक्य: ‘पाहिलेच नसते तर बरे झाले असते.’ ही भावना मी शेकडो जणींच्या तोंडून ऐकली आहे आणि त्यात काहीही वावगे नाही. फार वर्षांपूर्वी असाच ठिपक्याचा रिपोर्ट घेऊन आलेल्या एका मुलीला मी, ओपीडीत गर्दी असल्यामुळे, ‘काही नाही हो, जा घरी’ असे म्हणून वाटेला लावले होते. वैद्यकीयदृष्ट्या मी चूक नव्हते. पण ती पुढच्या वेळी आली तेव्हा महिनाभरात तिचे वजन वाढण्याऐवजी उतरले होते, कारण ‘काही नाही’ हा शब्द तिला ‘डॉक्टर लपवत आहेत’ असा ऐकू आला होता. तिला मी दहा मिनिटे द्यायला हवी होती. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे, की रिपोर्टमध्ये लिहिण्याजोगी गोष्ट ही तोंडाने समजावून सांगण्याजोगीही असलीच पाहिजे.

तुमच्या सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी मौन का पाळले, हे मला सांगता येणार नाही, पण अनेक केंद्रांत असे घडते आणि त्यामागे कायद्याची धास्ती असते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा १९८८ साली आपल्याच महाराष्ट्राने केला, पुढे १९९४ चा केंद्रीय कायदा आला. तुमच्याकडून भरून घेतलेला फॉर्म एफ, ओळखपत्राची प्रत, बाळाचे लिंग जाणून घ्यायचे नाही असे तुमच्या सहीचे निवेदन, हे सर्व त्या कायद्याचे भाग आहेत आणि मुलींचे जीव वाचावेत म्हणून ते तसेच असले पाहिजेत. पुण्यातही हे कागद पुन्हा भरावे लागतील, डॉक्टरांची चिठ्ठी आणि ओळखपत्र जवळ ठेवा, आणि यजमानांना आत येता येईल का हे आधी फोनवर विचारा, कारण प्रत्येक केंद्राची पद्धत वेगळी असते. परंतु तो कायदा शब्दाने, खुणेने किंवा कोणत्याही प्रकारे लिंग सांगण्यास मनाई करतो. हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांबद्दल आईशी बोलण्यास तो कोठेही मनाई करत नाही. तुम्हाला विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि तो वापरताना संकोच करू नका.

आता ती न बोललेली भीती. समजा, काही गंभीर निघालेच तर? एक गोष्ट निःसंदिग्ध आहे: आज तुमच्या रिपोर्टमध्ये असलेल्या दोन्ही खुणा, एकेकट्या किंवा दोन्ही मिळूनही, गर्भपाताचे कारण नाहीत, आणि तसे कोणी सुचवले तर दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घेतल्याशिवाय एक पाऊलही टाकू नका. पुढे खरोखरच गंभीर व्यंग आढळले, तर २०२१ च्या सुधारित कायद्यानुसार वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या, वीस ते चोवीस आठवड्यांदरम्यान दोन डॉक्टरांच्या मताने आणि त्यानंतर वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने गर्भपात करता येतो. संमती सज्ञान स्त्रीची स्वतःची लागते, नवऱ्याची किंवा सासरची नव्हे. आणि अर्थातच, करायचा नाही हा निर्णयही तितकाच तिचा असतो. याच आठवड्यात जा, असे मी म्हणाले, त्याचे कारण हेच आहे. पुढे जे काही ठरवायचे असेल, ते घाईगर्दीत ठरवण्याची वेळ तुमच्यावर येऊ नये.

पण तपासणीचा उपयोग तेवढाच असतो, हा समज मात्र मनातून काढून टाका. हृदयाचे काही दोष असे असतात, की बाळ जन्मताना गुटगुटीत दिसते, रडते, दूधही ओढते, आणि मी वर सांगितलेली ती रक्तवाहिन्यांमधली वाट मिटू लागली की काही तासांत किंवा दिवसांत निळे पडते. दोन मोठ्या रक्तवाहिन्या अदलाबदल होऊन जोडल्या गेलेल्या बाळाचे असेच होते. हे आधी कळले असेल, तर बाळंतपण बालहृदय शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात ठरवता येते, वाट उघडी ठेवणारे औषध पहिल्या तासापासून देता येते आणि शस्त्रक्रियेनंतर अशी मुले शाळेत जातात, खेळतात. कळले नसेल, तर तालुक्याच्या गावाहून रात्री रुग्णवाहिका शोधण्याची वेळ येते. सासूबाईंना हे उदाहरण जरूर सांगा: आधी पाहणे हे पुष्कळदा बाळाला वाचवण्यासाठीच असते. अशा बाळांच्या उपचारांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून शासनाची मदतही मिळते, तिची चौकशी जिल्हा रुग्णालयात करता येते.

तज्ज्ञांकडे जाण्याआधी घरी बसून तुम्ही आणि यजमानांनी एक प्रश्न एकमेकांना विचारावा, असे मला वाटते: उत्तर कळल्यावर आपण काय करू? ही चर्चा अवघड आहे. ती केली नाही, तर प्रत्येक पुढची तपासणी ‘डॉक्टरांनी सांगितली म्हणून’ होत जाते. उदाहरणार्थ, तुम्हाला एनआयपीटी ही रक्ततपासणी सुचवली जाईल. आईच्या रक्तात आलेल्या वारेच्या पेशींमधील गुणसूत्रांचे अंश तिच्यात मोजतात आणि डाऊन सिंड्रोमबाबत ती डबल मार्करपेक्षा बरीच अचूक आहे. पण तीही चाळणीच आहे, निदान नव्हे, आणि महागडी आहे. खात्रीचे निदान गर्भजलाच्या तपासणीने होते, त्यासाठी पोटातून सुई घालून थोडे गर्भजल काढावे लागते आणि तिच्यामुळे गर्भपात होण्याचा धोका थोडा का होईना, असतोच. तुमचा १:३८०० हा आकडा पाहता, सविस्तर सोनोग्राफी आणि इको निर्दोष निघाली तर गर्भजल तपासणीची गरज मला दिसत नाही. एनआयपीटी करायची की नाही, हे तुमच्या मनाच्या शांततेवर आणि खिशावर सोडता येईल. एखादी स्त्री म्हणेल, ‘बाळ जसे असेल तसे माझेच आहे, मला याहून पुढे जाणून घ्यायचे नाही.’ तेही उत्तर पूर्ण आणि आदरणीय आहे.

हाच प्रश्न पडलेल्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी येथेच सांगते. बाराव्या आठवड्याची एनटी सोनोग्राफी अकरा आठवडे पूर्ण झाल्यापासून तेरा आठवडे सहा दिवसांपर्यंतच करता येते, ती खिडकी हुकली की परत येत नाही. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये चोवीस आठवड्यांआधी प्रत्येक गर्भवतीची किमान एक सोनोग्राफी व्हावी, अशी शिफारस केलेली आहे. ज्यांना खासगी केंद्राचा खर्च झेपत नाही, त्यांनी दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली शासकीय आरोग्य केंद्रात होणाऱ्या तपासणीला जावे, तेथे डॉक्टर तपासतात आणि सोनोग्राफीची सोयही विनाशुल्क करून दिली जाते.

पुण्याला जाताना फाइलमध्ये सातव्या आठवड्यापासूनचे सर्व रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, कारण बाळाचे वय पहिल्या सोनोग्राफीवरूनच सर्वांत नेमके ठरते. डबल मार्करचा तो कागद सर्वांत वर ठेवा. वहीच्या एका पानावर प्रश्न लिहून घ्या: या दोन खुणांखेरीज आणखी काही दिसले का, हृदयाची रचना पूर्ण पाहता आली का, काही पाहायचे राहिले का, आणि माझा १:३८०० आता किती झाला. उत्तरे यजमानांनी लिहून घ्यावीत, तुम्ही फक्त ऐका. मोबाइलवर शोधणे तोवर बंद ठेवा. त्याऐवजी बाळाची हालचाल जाणवू लागली असेल तर तिकडे लक्ष द्या. पहिलटकरणीला ती याच सुमारास कळू लागते, एखादा आठवडा उशीर झाला तरी चालतो.

बत्तिसाव्या आठवड्याच्या मूत्रपिंडाच्या मापाची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा. डोहाळजेवण आणि माहेरी जाण्याच्या गडबडीत ती नेमकी राहून जाते. माहेरी बाळंतपण होणार असेल, तर तेथील डॉक्टरांना आणि बालरोगतज्ज्ञांना हे ४.६ मिलिमीटर आधीच सांगून ठेवा. जन्मानंतर बाळाची मूत्रपिंडाची सोनोग्राफी लगेच पहिल्या दिवशी करून घेऊ नका. पहिल्या दोन दिवसांत बाळाच्या पोटात दूध कमी जाते, लघवी कमी होते आणि फुगवटा असला तरी दिसत नाही. निदान अठ्ठेचाळीस तास जाऊ द्या.